उजवीकडच्या कोंबड्या

आमच्या औलात, म्हणजे गावात, दुपारी कुणी जागं नसतं. जे जागे दिसतात त्यांनी नुसते डोळे उघडे ठेवलेले असतात. नदीकडून मिठाचा वारा येतो, कालव्याकडून बोरूच्या बेटांचा, आणि त्या उन्हाळ्यात बिबिसारा आपाच्या शेडकडून ज्येष्ठमधाचा यायचा. तिन्ही वारे चौकातल्या तुतीखाली भेटायचे आणि तिथेच आडवे व्हायचे. तुतीखाली बसलेला माणूस काही बोलायला तोंड उघडायचा आणि जांभई देऊन मिटायचा. सभेचं कामकाज इतकं सुरळीत आमच्याकडे कधीच चाललं नव्हतं.

शेड म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. कापूस गेला, पण त्याचे तंतू तुळयांना लोंबत राहिले. त्यात कोंबड्यांची पिसं मिसळली आणि आत कायमच काहीतरी पांढरं, हळूहळू, खाली न पडता तरंगत असायचं. मधोमध एक जाळी. जाळीच्या डावीकडच्या कोंबड्यांना साधा खुराक, म्हणजे मका आणि सोयापेंड. उजवीकडच्यांना तोच खुराक, पण त्यात ज्येष्ठमधाच्या मुळ्यांची पूड, कलौंजी आणि सावलीत वाळवलेला लसूणघास. डावीकडच्यांच्या वाट्याला फक्त वास. त्यामुळे त्या बाजूने जाताना आम्ही आवाज जरा मऊ ठेवायचो, श्रीमंत लग्नात गरीब नातेवाइकांशी बोलताना ठेवतात तसा.

हा सगळा घाट आयसानेमचा. आयसानेम ही बिबिसारा आपाच्या भावाची मुलगी. आईबाप लवकर गेले, आपानेच वाढवली. नुकुस शहरात जाऊन जनावरांची डॉक्टर झाली, मग तिथल्याच संस्थेत संशोधनाला लागली. तिचं म्हणणं असं, की हा पाला दिला तर कोंबडीच्या रक्तात तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं आणि औषधांच्या पुड्या कमी लागतात. संस्थेचं म्हणणं असं, की रक्त दाखव. उजवीकडचं रक्त डावीकडच्यापेक्षा चांगलं निघालं, तर गोदामावर संस्थेची पाटी लागेल आणि आयसानेम इथेच कामाला राहील. वाईट निघालं, तर ताश्कंदच्या एका कचेरीत तिची खुर्ची तयार होती. त्या खुर्चीला चाकं आहेत असं ऐकून आम्हांला फार वाईट वाटलं होतं. चाकाच्या खुर्चीवर बसलेलं माणूस परत येत नाही.

आयसानेमला राहायचं होतं ते कोंबड्यांसाठी नव्हे. आपासाठी.

आपाला झोपेचं वरदान होतं. गाय पिळताना तिचा डोळा लागायचा, आणि गाय समजून घेऊन उभी राहायची. वाक्याच्या मध्येच ती पेंगायची. जाग आली की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे न्यायची. ऐकणारा तोवर घरी गेलेला असला तर तो त्याचा दोष. रंग चाळलेल्या पिठासारखा, हात भर उन्हात गार. औलातल्या बायका म्हणायच्या, बिबिसारावर फरिश्त्यांची सावली आहे. आयसानेम म्हणायची, तिच्या अंगात रक्त नाही. दोन्हीचा अर्थ एकच, पण पहिल्याला सुई टोचावी लागत नाही.

“आपा, एकदा दवाखान्यात चला. एवढंसं रक्त घेतील,” आयसानेम म्हणायची.

“माझ्याकडे आहेच एवढंसं,” आपा म्हणायची. “ते मोजायला काढून घेतलं, तर मोजायचं काय?”

“कोंबड्या देतात की मुकाट्याने.”

“कोंबड्यांना कुणी विचारतं होय, कारटे?”

आपा दुपारभर शेडमध्येच, उजवीकडच्या तुसावर पाठ टेकून असायची. तिच्याभोवती कोंबड्या गोळा व्हायच्या, माना पंखांत घालायच्या, आणि सगळ्या मिळून श्वास घ्यायच्या. एक लंगडी कोंबडी थेट मांडीवर. एकदा आपाला स्वप्न पडलं, की उजवीकडच्या सगळ्या कोंबड्या डोक्याला लाल रुमाल बांधून कालव्याच्या काठाने कुणाच्या तरी लग्नाला निघाल्या आहेत, रांगेत, गाणी म्हणत. डावीकडच्या जाळीला चिकटून बघत उभ्या. वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगून टाकतात. चांगलं स्वप्न भलं चिंतणाऱ्या माणसाला सांगतात. आपाने हे आयसानेमला सांगितलं आणि वर म्हणाली, “हे तुझ्या निकालात घाल.”

“घालता येत नाही, आपा.”

“का? मी जवळून पाहिलंय.”

रक्त काढायचा दिवस उजाडला तो खरबुजांच्या दिवसांत. सकाळपासून आपा एकेक कोंबडी धरून आणत होती, आयसानेम पंख उचलून आतल्या बाजूची निळसर शीर शोधत होती आणि बारक्या नळीत रक्त घेत होती. आपाच्या हातात आली की कोंबडी पेंगायचीच, त्यामुळे काम शांततेत चाललं. उजवीकडच्यांचे तुरे खरंच तांबडे होते. आम्ही दारात उभे राहून तसं म्हणणार होतो, पण तोंडावर कौतुक केलं की नजर लागते, म्हणून “ठीक आहेत” म्हणालो.

शेवटची कोंबडी आयसानेमच्या हाती दिली आणि आपा खांबाला पाठ घासत हळूच खाली आली. पीस येतं तशी.

“आपा!”

“काय ओरडतेस? झोप लागली.”

“उभ्याउभ्या?”

“घोडे झोपतातच की.”

आता आयसानेमला आपाला सोडून नुकुसला जाणं शक्य नव्हतं. तिने नळ्या बर्फाच्या डब्यात रचल्या आणि डबा सारसेन आगाच्या हवाली केला. सारसेन आगाची छोटी व्हॅन आहे. तिच्यातून आमच्या औलातलं सगळं बाहेर जातं आणि बाहेरचं सगळं आत येतं. दोन्हीकडे तो थोडं थोडं सांडतो.

“आगा, वाटेत थांबायचं नाही. डबा उघडायचा नाही. सरळ प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा.”

“पोरी, माझ्या बायकोला बाळंतपणाला मीच नेली होती.”

“मग?”

“मग काय? पोहोचली.”

आता सारसेन आगा मूर्ख नाही. तो रीतीचा माणूस आहे. चिंबाय गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेला खरबुजांचा ढीग दिसला, तेव्हा त्याच्या मनात आलं, की परक्या दारी रिकाम्या हाताने कसं जायचं? त्याने एक चांगलं, रेघारेघांचं खरबूज घेतलं. मग मनात आलं, की ऊन लागलेलं खरबूज देणं हे न देण्यापेक्षा वाईट. डब्यात बर्फ होता, पण जागा नव्हती. त्याने नळ्या काढून काचेपुढे एका ओळीत नीट उभ्या केल्या आणि खरबूज डब्यात ठेवलं. प्रयोगशाळेत अजूनही म्हणतात, तसं गार खरबूज त्यांनी पुन्हा खाल्लं नाही.

वाटेत ऊन काचेतून आलं आणि नळ्या पेटल्यासारख्या झाल्या. डाळिंबाचा रस फिका पडावा इतक्या लाल. सारसेन आगाने एक नळी उन्हापुढे धरली आणि त्याचे डोळे भरून आले. असलं रक्त त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आता याच्यापुढे प्रयोगशाळा आणखी काय बघणार? डबा पोचवताच त्याने आपाला फोन लावला.

“सुयिंशी, आपा! सुयिंशी!”

सुयिंशी म्हणजे आनंदाच्या बातमीचं बक्षीस. बातमी आणणारा आधी हा शब्द उच्चारतो. ऐकणाऱ्याने बातमी कसली ते न विचारता म्हणायचं, “घे, हवं ते घे!” मगच बातमी. दिलेला शब्द फिरत नाही. या रीतीमुळे आमच्याकडे बातम्या फार वेगाने पोचतात. खऱ्याही.

“घे, हवं ते घे!” आपा धडपडत उठून बसली.

“रक्त लाल आहे, आपा! इतकं लाल की बघवत नाही!”

आपाच्या शेजारी शेडबाहेरच्या चटईवर आयसानेम गाढ झोपली होती. कितीतरी पहाटांची झोप तिच्यावर एकदम बसली होती. आपाने तिच्या कपाळावर गार हात ठेवला, पण उठवली नाही. आनंदाची बातमी काही नासत नाही. झोप नासते.

“तुला काय हवं, सारसेन?”

“कोंबडी चालेल. उजवीकडची.”

यात आपाचं काय चुकलं ते आम्हांला अजून कळलेलं नाही. कोंबड्या तिच्या. रक्त काढून झालेलं. निकाल लागलेला. आणि सुयिंशीला साधा खुराक खाल्लेली डावीकडची कोंबडी देणं म्हणजे तोंड लपवून फिरायची वेळ.

सारसेन आगाने बायकोला फोन केला, की जाऊन कोंबडी घेऊन ये. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती शेडपर्यंत पोचायच्या आधी बातमी पुढे पोचली. पहिली आली उलमेकेन, आपाची शेजारीण, ओल्या हातांनी, धापा टाकत.

“सुयिंशी, बिबिसारा! पोरीचं काम झालं!”

आता आनंदाची बातमी घेऊन आलेल्या माणसाला “मला कळलंय” म्हणून परत लावत नाहीत. त्याने बातमीचाच पाय मुरगळतो. आपा म्हणाली, “घे, हवं ते घे!” आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी आनंदली. हे तिला जमायचं, कारण दोन बातम्यांच्या मध्ये तिचा डोळा लागत होता.

उलमेकेन उजवीकडची कोंबडी काखोटीला मारून गेली. तिचा दीर आला. दिराची सासुरवाडी आली. शाळेचे मास्तर आले, आणि बातमी व्याकरणशुद्ध सांगून दोन घेऊन गेले. कालव्यापलीकडचा एक म्हातारा आला. त्याला बातमी काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण ती चांगली आहे एवढं त्याने लांबून ताडलं होतं. तोही रिकाम्या हाताने गेला नाही. आम्हीही आलो होतो. खोटं कशाला बोला?

आणि चटईवर आयसानेम स्वप्नात होती. ती नंतर सांगायची, की स्वप्नात बोरूच्या बेटांत एक पक्षी ओरडत होता, सुयिंशी, सुयिंशी, आणि दर हाकेसरशी कालव्याच्या पाण्यावरून एकेक पांढरा रुमाल उडून जात होता. तिला वाटत होतं, रुमाल मोजावेत. पण स्वप्नात मोजणं नीट जमत नाही, आणि उडणाऱ्या गोष्टी छान दिसतात.

तिला जाग आली ती वासाने. साऱ्या औलावर गुर्तिकचा वास होता. कोंबडीच्या रश्शात उकडलेल्या कणकेच्या पातळ फोडी, वर कांदा. एका घरातून असा वास आला तर पाहुणे आहेत म्हणतात. सगळ्या घरांतून आला तर सण. कुठला सण, या विचारात ती उठली, तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतली बाई होती.

“रक्त उन्हात तापलं, बाई. सगळ्या पेशी फुटल्या. पेशी फुटल्या की असं लालभडक दिसतं. हे मोजता येत नाही. उद्या संस्थेचे तोरेमुरातोव साहेब स्वतः येताहेत, त्यांच्यासमोर पुन्हा काढा. आणि खरबुजाबद्दल आभार सांगा.”

आयसानेम शेडमध्ये गेली. डावीकडच्या कोंबड्यांनी जाळीतून तिच्याकडे पाहिलं. उजवीकडे गोड वास होता. हवेत एक पीस खाली यावं की न यावं याचा विचार करत होतं. तुसावर आपा झोपली होती आणि तिच्या मांडीवर ती एक लंगडी. तीही कुणाला तरी कबूल झाली असती, पण झोपलेल्या कोंबडीला उचलायचा धीर कुणाला झाला नव्हता.

ती उलमेकेनकडे धावली. जिवंत एखादी तरी असेल. दारातच उलमेकेनने तिला मिठीत घेतलं, जेवणाच्या दस्तरखानाशी बसवलं आणि पुढ्यात वाडगा ठेवला.

“काकी, ती कोंबडी—”

“तिचाच मऊ भाग तुझ्यासाठी ठेवलाय. जेव.”

समोर आलेलं अन्न नाकारून उठता येत नाही. आयसानेम जेवली. पुढच्या घरीही तसंच. पुरावा चांगला शिजला होता, असं नंतर तीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तोरेमुरातोव प्रोफेसर आले. उंच, गंभीर माणूस. उन्हातही कोट. त्यांनी जाळीच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग पुन्हा उजवीकडे.

“वनस्पतींच्या खुराकाचा गट कुठे आहे?”

आयसानेमने तोंड उघडलं, पण वडीलधाऱ्या माणसांच्या आधी बोलणं बरं दिसत नाही. सारसेन आगा पुढे झाला.

“इथेच आहे, साहेब. औल सोडून कुठे गेलेला नाही.” त्याने आम्हां सगळ्यांकडे हात केला.

प्रोफेसरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही जरा पोटं आत घेतली.

“खाल्ल्या?”

“मांस खाल्लं,” शाळेचे मास्तर अदबीने म्हणाले. “रक्ताचं म्हणाल, तर एक थेंबही आमच्या पोटात गेलेला नाही. रक्त आम्हांला निषिद्ध आहे. सगळं नीट वाहून जाऊ दिलं.”

आयसानेमचा चेहरा आपापेक्षा पांढरा झाला होता. आपा मात्र लंगडीला पोटाशी धरून प्रोफेसरांसमोर उभी राहिली.

“साहेब, चूक माझी. पण पोरीला त्या चाकांच्या—” एवढं बोलून तिचा डोळा लागला. प्रोफेसरांनी वाट पाहिली. तेवढ्यासाठी आम्ही त्यांना बाकीचं सगळं माफ केलं. आपा जागी झाली, लंगडी पुढे केली आणि म्हणाली, “—खुर्चीवर बसवू नका. हिला घ्या. ही उजवीकडचीच आहे.”

“एका कोंबडीने काही सिद्ध होत नाही, आपा,” प्रोफेसर म्हणाले. ते जाळीशी बराच वेळ उभे राहिले. ज्येष्ठमधाचा वारा आत आला, आणि त्यांनी कोटाची वरची दोन बटणं सोडली. “रक्त चांगलं निघालं, तर काय करायचं ते मला ठाऊक आहे. वाईट निघालं, तर तेही ठाऊक आहे. खाल्लं गेलं, तर काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे निकाल लागलेलाच नाही.” मग आयसानेमकडे वळून म्हणाले, “पुन्हा करा. नवी पिल्लं आणा. पण हा शेवटचा. आणि या वेळी नळ्या तुम्ही स्वतः आणायच्या.”

जेवायला त्यांना मास्तरांकडची दुसरी कोंबडी वाढली. त्यांनी रस्सा मागून घेतला. शास्त्रीय मत मात्र दिलं नाही.

त्या शरदात आमच्या औलाने जे सोसलं ते दुसऱ्या कुणी सोसलं नसतं. नवी पिल्लं आली, वाढली, उजवीकडच्यांचे तुरे पुन्हा तांबडे झाले, आणि तो शब्द उच्चारायला शेडच्या आसपास बंदी होती. उलमेकेनच्या सुनेला मुलगा झाला, तेव्हासुद्धा ती बातमी आम्ही कुजबुजत सांगितली. सारसेन आगा व्हॅन चालवताना ओठ मिटून बसायचा, पाणी भरलेल्या माठासारखा.

आणि आपा फिकी होत चालली. झोप आता चालताना यायला लागली. कालव्याच्या काठावरून येताना ती मध्येच थांबायची, आणि बोरूच्या धुक्यात नुसता तिचा रुमाल उभा असल्यासारखा दिसायचा. लंगडी तिच्यामागून यायची आणि ती थांबली की थांबायची. आयसानेम शेडच्या दारातून बघत राहायची. हातात खुराकाचं घमेलं, आणि घमेल्यातला हात हलत नसे.

रक्ताच्या दिवशी ती डबा मांडीवर घेऊन सारसेन आगाच्या शेजारी बसली. वाटेत खरबुजं होती. तिने आगाच्या डोळ्यांवर हात ठेवायचाच बाकी ठेवला. निकाल लागेपर्यंत नुकुसलाच राहिली. इकडे आम्ही फोनकडे बघायचं टाळत होतो.

ती आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सारसेन आगाने तिला कालव्यापाशी उतरवलं. त्याचे ओठ अजून मिटलेले. ती काठाने चालत आली, हळूहळू, काही न ओरडता. आमच्याकडे चांगली बातमी धावत येते. जी चालत येते तिच्यासाठी आम्ही उठून उभे राहतो. आम्ही तुतीखाली उभे राहिलो. ती आमच्याकडे न बघता गेली.

आपा शेडच्या दारात उन्हाला बसली होती, डोळे मिटून. मांडीवर लंगडी. आयसानेम तिच्यापुढे उकिडवी बसली, तोंड तिच्या कानाशी नेलं, आणि इतक्या हळू म्हणाली की आम्हांला नुसते ओठ दिसले.

“सुयिंशी, आपा.”

“घे,” आपा डोळे न उघडता म्हणाली, “हवं ते घे.”

“नक्की?”

“शब्द दिला. उजवीकडची हवी का?”

“डावा दंड हवा. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं, बाही वर करायची, आणि एवढंसं रक्त द्यायचं.”

आपाने एक डोळा उघडला. “ही लबाडी आहे.”

“रीत आहे.”

“बातमी काय आहे ते आधी सांग.”

“आधी शब्द, मग बातमी.”

“दिलाय ना! किती वेळा देऊ?”

“फरक थोडा आहे, आपा. पण आहे. उजवीकडच्यांचं रक्त खरंच दाट निघालं. साहेबांनी पाटी करायला टाकली. मी इथेच आहे.”

आपाने उघडलेला डोळा पुन्हा मिटला. आम्हांला वाटलं, डोळा लागला. लागला नव्हता. गार हाताने तिने आयसानेमच्या गालावरचं कोंडा लागल्यासारखं काहीतरी पुसलं. पीस होतं. मग तिने स्वतःची बाही कोपरापर्यंत वर केली, पिठासारखा पांढरा हात उन्हात धरला, आणि त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं.

“उद्या कशाला? जाग आहे तोवर जाऊ,” ती म्हणाली. “सारसेन! गाडी काढ.”

सारसेन आगाने तेवढे महिने मिटलेले ओठ उघडले, आमच्याकडे वळला, आणि सगळा शब्द तोंडात आलेला असताना आयसानेमने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो गिळला आणि गाडी काढली. लंगडीही चढली. तिला कुणी अडवलं नाही.